इफुगाव भाषेतले रोजचे शब्द शिकताय? आधी हा क्रम बघा

फिलिपिन्समधल्या इफुगाव प्रांतात, म्हणजे बानावे, बाताद, कियाङान या भागात जायचं ठरलं, किंवा जहाजावर तिकडचा एखादा सहकारी भेटला, की आपली माणसं हौसेने नेटवरून 'उपयोगी वाक्यं' उतरवून घेतात आणि पाठ करतात. हौस चांगलीच आहे. पण पहिलंच वाक्य बोललं की समोरचा हसून मान हलवतो आणि इंग्रजीवर येतो, आणि मग आपल्याला वाटतं की भाषा अवघड आहे. भाषा तेवढी अवघड नाहीये, सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. यादीत तीन-चार वेगवेगळ्या भाषांचे शब्द एकत्र पडलेले असतात, ते देवनागरीत लिहिताना उच्चार बिघडलेला असतो, आणि 'मी-तू-आपण' शब्दाला कसं जोडायचं हे माहीत नसल्यामुळे पाठ केलेले शब्द सुटे सुटे पडून राहतात.

म्हणून खाली दिलाय तो क्रम पाळा. शब्दांची यादी मुद्दाम शेवटी ठेवलीये.

सुरू करण्याआधीची तयारी

एक वही घ्या, किंवा फोनमध्ये एक शीट करा, आणि तिला चार रकाने पाडा: शब्द रोमनमध्ये जसा दिसला तसा, देवनागरीत उच्चार, मूळ धातू, आणि शब्द कुठल्या गावचा. चौथा रकाना लोक हमखास गाळतात आणि नंतर त्यामुळेच सगळा घोळ होतो. मराठी कीबोर्डवर ङ कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा, पावलोपावली लागणार आहे.

शब्दकोश घ्यायचा तर तुवाली बोलीसाठी होहुलिन दांपत्याचा २०१४ सालचा आणि बाताद बोलीसाठी लेनर्ड न्यूएल यांचा १९९३ सालचा असे दोन भक्कम कोश आहेत. दोन्ही इंग्रजीतून आहेत. दोन्ही एकदम वापरायला घेऊ नका, का ते लगेच कळेल.

या लेखात मी इफुगाव शब्द देवनागरीत लिहिताना तीन नियम पाळलेत. त्यांचा 'आ' लिहायला काना दिलाय, पण तो आखूड बोलायचा. शेवटची ई-ऊ मराठीच्या सवयीने दीर्घ लिहिलीये, ती ओढायची नाही. आणि मध्ये जिथे आडवी रेघ आहे तिथे जरासं थांबायचं.

टप्पा १: कुठल्या खोऱ्याची भाषा शिकायची ते ठरवा

'इफुगाव' ही एकच एकसंध भाषा नाही. कियाङान, लागावे, हिंग्योन, हुंगदुआन या बाजूला तुवाली चालते. बानावेजवळच्या आमगानादची बोली वेगळी मोजतात, बातादची वेगळी, मायोयावची वेगळी, आणि बाताद-मायोयाव बाजूच्या बोलण्याला स्थानिक लोक आयाङान म्हणतात. तिनोककडे गेलात तर कालांगुया, आसिपुलोच्या काही भागात केलेइ, या तर इफुगाव प्रांतात असूनही निराळ्या भाषा धरल्या जातात. वर सगळीकडे बाजाराची भाषा म्हणून इलोकानो, आणि शाळा-सरकारात फिलिपिनो म्हणजे टागालोग आणि इंग्रजी.

ऑनलाइन कोशात किंवा व्हिडिओत भाषेचा तीन अक्षरी कोड दिलेला असतो तो बघा. आयएफके म्हणजे तुवाली, आयएफए आमगानाद, आयएफबी बाताद, आयएफयू मायोयाव. तुमचा मित्र, तुमचं होमस्टे, तुमचा गाइड ज्या गावचा, तीच बोली घ्या. काहीच ठरलं नसेल तर तुवाली घ्या, तिचं साहित्य जास्त सापडतं. या लेखातली उदाहरणं तुवालीच्या धाटणीची आहेत.

तपासा: हातात आलेली यादी कुठल्या भाषेची आहे हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तिच्यात 'एक' या आकड्याला काय म्हटलंय ते बघा. 'ओहा' असेल तर इफुगाव. 'हाकेय' असेल तर केलेइ-कालांगुया बाजूची. 'मायसा' असेल तर इलोकानो. 'इसा' असेल तर टागालोग. एकाच यादीत 'ओहा' आणि 'मायसा' दोन्ही दिसले तर ती यादी सरळ सोडून द्या, दुरुस्त करत बसायला वेळ घालवू नका.

सावधान: फिलिपिनो सहकाऱ्याला इफुगाव येतच असेल असं धरून चालू नका. सेबू किंवा मनिलाच्या माणसाला ती अजिबात कळत नाही. आधी गाव विचारा. आणि डोंगरातल्या सगळ्यांना सरसकट 'इगोरोत' म्हणू नका, बऱ्याच इफुगाव लोकांना ते आवडत नाही, 'इफुगाव' म्हटलेलंच त्यांना बरं वाटतं.

टप्पा २: कान आणि जीभ तयार करा

हा टप्पा लोक उडी मारून पुढे जातात आणि मराठी माणसाची तर इथे खास अडचण होते, कारण आपल्याला महाप्राण अक्षरांची सवय. रोमनमध्ये पी आणि एच शेजारी दिसले की आपण बिनधास्त 'फ' लिहून मोकळे. 'चांगलं' यासाठीचा शब्द नेहमी लागतो, तो आपल्याकडच्या याद्यांमध्ये 'माफोद' असा येतो. खरा उच्चार माप्-होद. प वेगळा, ह वेगळा. मूळ शब्द 'पोहोद', त्याला पुढे 'मा' लागला की मधला ओ गळतो आणि प-ह एकमेकांना येऊन भिडतात, मिसळत नाहीत. तीच गोष्ट हुद्-हुद या गायनप्रकाराची (युनेस्कोच्या यादीत आहे तो), त्याला 'हुधुद' करू नका. हुद्-हुदमधला नायक आलिगुयोन, त्याचा प्रतिस्पर्धी पुम्बाक्-हायोन, त्याचा 'पुंबखायोन' होतो तोही याच सवयीने. ख, घ, थ, ध, फ, भ असं काही लिहावंसं वाटलं की हात थांबवा आणि ह वेगळा काढा.

दुसरी गोष्ट ङ. आपल्या तोंडात हा आवाज आहेच, 'वाङ्मय' म्हणताना येतो, फक्त शब्दाच्या सुरुवातीला तो आणायची सवय नाही. 'नाव' म्हणजे ङादान. याचं 'नगादान' किंवा 'न्गदान' करू नका. सराव असा करा: 'वाङ्मय' म्हणायला घ्या, 'वाङ्'वर थांबा, तिथूनच 'आदान' जोडा, वाङ्-आदान, वाङादान, मग 'वा' सोडून द्या. 'जेवणे' म्हणजे माङान, यात ग अजिबात ऐकू येता कामा नये.

तिसरी गोष्ट मधला थांबा. रोमन लिखाणात शब्दाच्या मध्ये हायफन दिसला की ती टायपिंगची चूक नसते, तिथे घसा क्षणभर बंद होतो. धान्याची राखण करणारी ती लाकडी मूर्ती, तिला दुकानात 'बुलुल' लिहितात, घरात बोलताना बुल्-उल ऐकू येतं. 'नाही' यासाठीचा मा-इद पण असाच, तो 'मैद' नव्हे.

चौथी, जोडाक्षरं सोडू नका. बिग्गात म्हणजे सकाळ, 'बिगात' नाही. इम्माली म्हणजे आला, 'इमाली' नाही. आणि शेवटचा ह पण बोला: तांदळाची दारू म्हणजे बायाह, नुसतं 'बाया' म्हणून सोडून देऊ नका. बानावेचा इम्बायाह उत्सव याच शब्दावरून.

अजून एक, हे कळलं की शब्द लक्षात ठेवणं फार सोपं होतं. टागालोगमध्ये जिथे स असतो तिथे इफुगावमध्ये पुष्कळदा ह येतो. टागालोग 'आसो' म्हणजे कुत्रा, इफुगाव आहू. 'सियाम' म्हणजे नऊ, इथे हियाम. 'सिया' म्हणजे तो किंवा ती, इथे हिया. माणसाच्या नावाआधी टागालोग 'सि' लावतं, इफुगाव हि लावतं. टागालोग थोडं येत असेल तर हा मोठाच फायदा, पण म्हणून प्रत्येक स चा ह करून स्वतःचे शब्द बनवायला जाऊ नका, ऐकलेला शब्द ओळखण्यापुरताच हा नियम वापरा.

तपासा: माप्-होद, ङादान, मा-इद, बिग्गात, बायाह हे पाच शब्द फोनवर रेकॉर्ड करा आणि त्या बोलीच्या एखाद्या व्हिडिओशी ताडून बघा. पाचही जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ३: अगदी पहिली वाक्यं

माप्-होद आन बिग्गात. शुभ सकाळ. यातला 'आन' दोन शब्दांना जोडणारा सांधा आहे, तो गाळला की वाक्य तुटल्यासारखं वाटतं. 'सकाळ छान आहे' असं सांगायचं तर माप्-होद नान बिग्गात. बघा, 'आन'चं 'नान' झालं की अभिवादन जाऊन साधं विधान झालं, म्हणून हे चिल्लर वाटणारे शब्द जपून बोला.

उमाली का, ये. उम्बुन का, बस. माङान ताकू, चला जेवूया. ही तीन वाक्यं कुठल्याही घरात पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतील. 'माङान ताकू' ऐकलं की लगेच ताट ओढून बसायचं नसतं, बऱ्याचदा ते आपल्या 'या जेवायला' सारखं रीतीचं बोलावणं असतं. पुन्हा आग्रह झाला की मग बसा.

'धन्यवाद' साठी सालामात (टागालोग) किंवा आग्यामानाक (इलोकानो) दोन्ही चालतात, लोक स्वतःही वापरतात. इथे 'अस्सल इफुगाव' शब्दच हवा म्हणून अडून बसू नका. होकाराला ओ-ओ, मध्ये तोच घशाचा थांबा.

हितू म्हणजे इथे, हिना म्हणजे तिथे तुझ्याजवळ, हिदी म्हणजे पलीकडे लांब. दा-आन म्हणजे कुठे. डोंगरात वाटेवर भेटणारा माणूस 'कुठे निघालात' असंच विचारतो, ती चौकशी नसते, रामराम असतो. सविस्तर कार्यक्रम सांगायची गरज नाही, हात दाखवून 'हिदी' म्हटलं तरी पुरतं.

गावाच्या नावाआधी आद लावा. आद कियाङान, कियाङानला किंवा कियाङानमध्ये. प्रांताच्या उत्सवाचं नावच गोताद आद इफुगाव असं आहे. काळालाही तोच लागतो, आद उवानी म्हणजे आत्ता.

सावधान: पोह्-पोह्-दोन दाका हे वाक्य सगळ्या पर्यटकी याद्यांमध्ये वरच्या नंबरला असतं. त्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. गंमत म्हणून कुठल्याही मुलीला ऐकवायचं वाक्य नाही ते, गाव लहान असतं आणि बोलणं पसरतं.

टप्पा ४: शब्दाच्या शेपट्या

इथे जरा बसून मेहनत घ्या, कारण हे आलं की उरलेली भाषा भराभर उघडते. 'मी, तू, आपण' सुटे कमीच येतात, शब्दाला मागून चिकटतात. माङान घ्या:

माङानाक, मी जेवतो. माङान का, तू जेवतोस. नुसतं माङान, तो किंवा ती जेवते, काहीच शेपटी नाही. माङान कामी, आम्ही जेवतो. माङान ताकू, आपण सगळे जेवतो. माङान ता, आपण दोघंच, तू आणि मी. माङान कायू, तुम्ही. माङान दा, ते.

इंग्रजीतून शिकणाऱ्यांचे कामी आणि ताकू मध्ये हाल होतात, आपले होण्याचं कारणच नाही. आपल्याकडे आम्ही आणि आपण आहेच. कामी म्हणजे आम्ही, ताकू म्हणजे आपण, संपलं. तरीही मराठी माणसं इथे चुकतात, का, तर इंग्रजी यादीतून शिकतात आणि दोन्हीला एकच अर्थ लिहून ठेवतात. यजमानाला माङान कामी म्हटलंत तर त्याला 'आम्ही जेवतो, तू नाही' असं ऐकू जातं. वहीत अर्थ मराठीतच लिहा.

ता हा मात्र आपल्याला नवीन. दोघंच असाल तर ताकू नको, ता.

मालकी दाखवायच्या शेपट्या वेगळ्या. शब्द व्यंजनाने संपला तर कु, मु, ना, दा: ङादानकु माझं नाव, ङादानमु तुझं नाव. स्वराने संपला तर कु चा नुसता क, मु चा नुसता म उरतो: आमाक माझे वडील, आमाम तुझे वडील, आमाना त्याचे वडील, आमादा त्यांचे वडील. ओळख करून देताना: हाय ङादानकु या... आणि पुढे आपलं नाव.

क्रियापद किंवा गुण आधी, माणूस नंतर. आपण 'बाबा जेवले' म्हणतो, ते नाङान हि आमा म्हणतात. इम्माली हि आलिगुयोन, आलिगुयोन आला. नावाआधीचा तो हि कधीच गाळू नका.

तपासा: 'उमाली' घेऊन वर दिलेली आठही रूपं न बघता म्हणा. मग 'इना' (आई) घेऊन माझी, तुझी, त्याची, त्यांची म्हणा. इनाक, इनाम, इनाना, इनादा. अडखळलात तर इथेच थांबा.

टप्पा ५: नकार, सगळ्यात जास्त चुका इथे

आपल्याला 'नाही' म्हणायला यादीत एक शब्द हवा असतो, आणि याद्या पण एकच देतात, बहुतेक आदी. मग माणूस पाणी संपलं तरी आदी, कुत्रा नव्हे मांजर आहे तरी आदी. इफुगावमध्ये नकाराची कामं वाटून दिलेली आहेत आणि मराठीतही ती बऱ्यापैकी तशीच वाटलेली आहेत, म्हणून मराठीतून विचार केला की हे पटकन बसतं.

वस्तू अस्तित्वातच नाही: मा-इद. याच्या उलट वादा, आहे. मा-इद दानुम, पाणी नाही. (पाण्याला काही ठिकाणी लितिंग पण ऐकाल.)

ही ती वस्तू नव्हे: बोकोन. बोकोन आहू, कुत्रा नव्हे.

करणार नाही, नको: आदी. आदी उमाली, तो येणार नाही. कोणी काही पुढे केलं आणि नको असेल तर नुसतं आदी, पण हसून आणि हात हलवून, कोरडं आदी फार तोडून टाकल्यासारखं वाटतं.

केलं नाही, झालं नाही: आग्गुय. आग्गुय इम्माली, तो आला नाही.

'मांजर नाही', 'येणार नाही', 'आला नाही' या तिन्हीत आपण 'नाही' म्हणतो तिथेच गफलत होते. मनात वाक्य आलं की आधी विचारा: वस्तूचा अभाव, पुढचं, की झालेलं? मग मा-इद, आदी, आग्गुय यातला एक उचला. आपल्याला 'नव्हे' म्हणावंसं वाटलं की डोळे झाकून बोकोन.

आणि नकार पुढे आला की शेपटी क्रियापदावरून उडी मारून नकारावर जाते. माङानाक, पण आदियाक माङान, मी जेवणार नाही. आग्गुयाक नाङान, मी जेवलो नाही. 'आदी माङानाक' असं जोडलंत तर समजेल कदाचित, पण कानाला खटकतं. रोज लागणारं वाक्य म्हणजे आदिक इनिला, मला माहीत नाही, ते आत्ताच पाठ करून टाका.

जाता जाता कानू. हा शब्द म्हणजे आपला 'म्हणे'. इम्माली कानू, आला म्हणे. स्वतः न बघितलेली गोष्ट सांगताना तो लावला की बोलणं लगेच गावच्या वळणाचं होतं. गप्पांमध्ये कानू सतत ऐकू येईल, त्याला नाव समजून कोशात शोधत बसू नका.

टप्पा ६: मूळ शब्द कसा शोधायचा

'कोशात माङान सापडतच नाही' ही तक्रार नेहमीची. सापडणार नाहीच, कारण कोश मूळ धातूवर लावलेला असतो आणि प्रत्यय शब्दाच्या पुढे, मागे आणि पोटातही जातात. माङान चं मूळ कान. पुढे लागलेल्या प्रत्ययाने क गिळला आणि ङ राहिला. तीच वस्तू धरून बोलायचं तर कानोन, ते खाणे, आणि खाल्लं की किनान, इथे 'इन' बरोब्बर शब्दाच्या पोटात शिरलाय.

त्या पोटातल्या 'इन'चं उदाहरण तुम्ही ताटात बघितलेलं असेल. वर्षातून एकदाच पिकणारा तिथला पारंपरिक तांदूळ तिनावोन नावाने विकला जातो. तावोन म्हणजे वर्ष, मध्ये 'इन'. 'ति'खाली पानं उलटत तिनावोन शोधू नका, तावोन काढा.

झालेल्या गोष्टीसाठी ढोबळ खुणा: सुरुवातीचा म जाऊन न येतो, माङान नाङान. मुन जाऊन नुन येतो, मुन्लुतू स्वयंपाक करणे, नुन्लुतू केला. आणि उम चं इम्म होतं, उमाली इम्माली. मुम्बाकी, म्हणजे विधी करणारा पुरोहित, यात बाकी म्हणजे विधी, आणि मुन चा न पुढच्या ब मुळे म झालाय.

तपासा: माप्-होद, मुम्बाकी, तिनावोन, माङान यांची मुळं वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहा. पोहोद, बाकी, तावोन, कान आली असतील तर तुम्ही कोश वापरायला तयार आहात.

टप्पा ७: आता शब्द, पण जागेनुसार

वर्णक्रमाने पाठ करू नका. जागा धरा आणि तिथे उभं राहून दिसेल ते म्हणा.

घराकडे: बाले घर, आलांग धान्याचं कोठार, हालिपान म्हणजे खांबांवर बसवलेली ती गोल चकती, उंदीर वर चढू नयेत म्हणून. आपूय विस्तव, काइव लाकूड किंवा झाड. अंगणात आहू कुत्रा, मानुक कोंबडी, बाबूय डुक्कर.

शेताकडे: पायो म्हणजे पाण्याने भरलेलं पायऱ्यांचं भातशेत, नुवांग म्हैस-रेडा, उदान पाऊस, मुयोंग म्हणजे शेताच्या वर राखलेलं कुटुंबाचं रान, पाण्याचं सगळं गणित त्याच्यावर. तांदळाला एकच शब्द धरून बसू नका, आपण भात, साळी, तांदूळ वेगळे म्हणतो तसंच. पिकाला आणि साळीला पागे, शिजलेल्या भाताला हिनामाल, चिकट तांदळाला दायाक्कोत. यजमानाला 'पागे वाढा' म्हटलंत तर तुम्ही साळी मागताय असं त्याला वाटेल.

मग मोमा. इथे मराठी माणूस लगेच घरचा होतो. मोमा म्हणजे सुपारी आणि ती चघळण्याचा सगळा प्रकारही. ओली सुपारी चिरतात, नागवेलीच्या जातीचं पान म्हणजे हापिद, त्यावर चुना म्हणजे आपुल, गुंडाळी करून गालात. कात नसतो, तरी तोंड लाल होतंच. म्हाताऱ्या माणसाजवळ बसलात तर बोलणं सुरू करायला याच्याइतकं चांगलं काही नाही: वादाय मोमाम? तुमच्याकडे मोमा आहे का? उत्तरात वादा किंवा मा-इद, म्हणजे टप्पा चार आणि पाच दोन्हींचा सराव आपोआप. सवय नसेल तर अगदी लहान तुकडा घ्या, ओल्या सुपारीने गरगरतं. आणि रस्त्यावर थुंकू नका.

आकडे: ओहा, दुवा, तुलू, ओपात, लिमा, ओनोम, पितू, वालू, हियाम, हिम्पुलू. पिगा म्हणजे किती. पण बाजारात किंमत मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत, टागालोगमध्ये किंवा स्पॅनिश वळणाच्या आकड्यांत सांगतात, पन्नासला 'सिंक्वेंता' वगैरे. इफुगाव आकडे घरातल्या वस्तू, माणसं, कोंबड्या मोजायला वापरा, भाव करताना अट्टाहास नको.

टप्पा ८: माणसांशी बोलताना

नातं लावून बोला. आमा आणि इना हे आई-वडिलांच्या वयाच्या नातेवाइकांनाही चालतात, काका-मामांसाठी वेगळे शब्द शोधत बसायची गरज पडत नाही. आजी-आजोबांना आपू. टागालोग शिकलेल्यांनी इथे सांभाळा, तिकडे आपो म्हणजे नातवंड.

काही शब्द माहीत असावेत पण सहज उच्चारू नयेत. बुल्-उल ही शोभेची बाहुली नाही, बाकी हा कार्यक्रम नाही, आणि बोगवा, म्हणजे पूर्वजांच्या अस्थी बाहेर काढून स्वच्छ करून परत ठेवण्याचा विधी, याबद्दल तर यजमानाने विषय काढल्याशिवाय विचारू नका. मुम्बाकीला 'थोडं बाकी करून दाखवा' म्हणणं म्हणजे कुणाच्या घरच्या श्राद्धाला डेमो मागण्यासारखं आहे. हुद्-हुद कापणीला गातात तसं मयताच्या जागरणालाही गातात, म्हणून कानावर पडलं की टाळ्या वाजवण्याआधी बाजूच्याला विचारा.

कोणी तुमचा शब्द सुधारला तर तो लगेच वहीत घ्या, चौथ्या रकान्यात गाव लिहा, आणि जुना शब्द खोडू नका. पुढच्या गावात तोच जुना बरोबर निघू शकतो. दोन गावचे लोक एकाच शब्दावरून वाद घालायला लागले तर कोण बरोबर हे ठरवायच्या फंदात पडू नका, दोन्ही लिहा. आणि तुम्ही इफुगाव बोलल्यावर उत्तर इंग्रजीत आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, पाहुण्याला सोपं जावं म्हणून ते तसं बोलतात. तुम्ही पुढचं वाक्यही इफुगावमध्येच बोला, हळूहळू तेही वळतात.